मोजणी आणि ओळख : सांकेतिक लिप्यांच्या इतिहासातील एक प्रश्न

महानुभाव वाङ्मय शिकवताना पंथाच्या सांकेतिक लिप्यांचा उल्लेख दरवर्षी होतो आणि बहुधा तो एका वाक्यात आटोपतो : सकळ, सुंदरी इत्यादी लिप्यांत ग्रंथ लिहिले गेल्यामुळे ते कित्येक शतके पंथाबाहेरच्या वाचकाला अगम्य राहिले. परीक्षेतील उत्तराला एवढे पुरते. मध्यंतरी एका विद्यार्थिनीने मात्र आम्हाला या वाक्यापाशी अडवले. तिने विचारले, की एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर ठेवायचे एवढीच जर युक्ती होती, तर कोणी तरी चिकाटीने बसून एकेक शक्यता का तपासून पाहिली नाही? साडेपाचशे वर्षे त्यासाठी अपुरी होती का?

वर्गात आम्ही जे उत्तर दिले ते आमचेच समाधान करणारे नव्हते. प्रश्नाकडे पुन्हा पाहताना लक्षात आले, की त्यात दोन वेगळे प्रश्न आहेत. गुपित निव्वळ मोजणीने, म्हणजे सगळ्या शक्यता क्रमाने तपासून, उघडता येते का, हा पहिला. आणि उघडता येण्याजोगे असूनही एखादे गुपित शतकानुशतके बंद का राहते, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर गणित देते. दुसऱ्याचे उत्तर मात्र आपल्या वाङ्मयाच्या इतिहासातच शोधावे लागते.

गणितापासून आरंभ करू. त्यासाठी आपल्याला परके उदाहरण घेण्याची गरज नाही. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) 'अंकपाश' नावाचे प्रकरण आहे. दिलेल्या वस्तूंची मांडणी किती प्रकारांनी करता येईल, हा त्याचा विषय. त्यात भास्कराचार्य विचारतात, की विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा आणि पद्म यांची अदलाबदल केली तर किती मूर्ती होतील? पहिल्या आयुधासाठी चार हात मोकळे, दुसऱ्यासाठी तीन, तिसऱ्यासाठी दोन आणि शेवटच्यासाठी एक. चारांचा गुणाकार २४. आपल्या मूर्तिशास्त्रात केशवापासून कृष्णापर्यंत विष्णूची चोवीस रूपे मानली आहेत, ती याच हिशेबाने. एखाद्या देवळातील मूर्ती कोणती हे ठरवायचे तर चोवीस शक्यता तपासणे हे एका दुपारचे काम आहे. भास्कराचार्य लगेच पुढचा प्रश्न करतात : शंभूच्या दहा हातांत दहा आयुधे आहेत, त्यांची किती रूपे होतील? उत्तर ३६,२८,८००. हात चारावरून दहावर गेले, म्हणजे अडीचपट झाले. रूपे मात्र दीड लाखपट वाढली. दर मिनिटाला एक याप्रमाणे रात्रंदिवस ही रूपे पाहत बसलो तर जवळजवळ सात वर्षे लागतील.

आता हातांऐवजी अक्षरे घेऊ. स्वर, काना-मात्रा आणि 'ळ' बाजूला ठेवून 'क'पासून 'ह'पर्यंतची ३३ व्यंजने घेतली आणि त्यांच्या जागा आपसांत बदलल्या, तर होणाऱ्या मांडण्यांची संख्या ३७ अंकी येते. ती वाचून दाखवण्यात अर्थ नाही. तिचा अंदाज वेळेच्या मापाने घ्यावा. सेकंदाला एक लाख कोटी मांडण्या तपासणारे यंत्र कोणी आपल्याला दिले, तरी सगळ्या मांडण्या संपायला विश्वाच्या आजवरच्या वयाच्या सुमारे दोन कोटी पट काळ लागेल. एकेक शक्यता घेऊन ती पडताळण्याच्या या पद्धतीला संगणकशास्त्रात 'ब्रूट फोर्स' म्हणतात. मराठीत आपण तिला आंधळी मोजणी म्हणू. सकळ लिपीपुढे बसलेल्या एखाद्या चिकाटीच्या माणसाला साडेपाचशे वर्षे पुरली असती का, या प्रश्नाचे गणिती उत्तर त्यामुळे स्पष्ट आहे. पुरली नसती, आणि सारी मानवजात त्याच्या मदतीला बसली असती तरी पुरली नसती.

परंतु येथेच एक अडचण उभी राहते. अक्षरबदलाच्या लिप्या जगात सर्वत्र फुटल्या आहेत, आणि त्या फोडणाऱ्यांना विश्वाचे वय लागलेले नाही. एखादी दुपार किंवा फार तर काही आठवडे लागले आहेत. गणिताने जी भिंत अभेद्य ठरवली तिच्यातून माणसे सहज आरपार गेली. ती कशी गेली, हे पाहिल्याशिवाय या इतिहासाचे मर्म हाती लागत नाही.

अक्षरबदलाची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. वात्स्यायनाच्या कामसूत्रातील चौसष्ट कलांत 'म्लेच्छितविकल्प' ही एक कला आहे. तिच्यावर भाष्य करताना जयमंगला टीकेचा कर्ता यशोधर मूलदेवाच्या नावावरील एक पद्धत सांगतो : ठरावीक अक्षरांच्या जोड्या लावायच्या, जसे 'ख' आणि 'ग', 'च' आणि 'ट', 'त' आणि 'प', आणि बोलताना किंवा लिहिताना जोडीतील एकाच्या जागी दुसरे वापरायचे. लहानपणी 'च'ची भाषा बोललेल्या प्रत्येकाला या युक्तीची जातकुळी ओळखीची वाटेल. पण ही लिपी फोडण्याचे शास्त्र पहिल्यांदा मांडलेले दिसते ते नवव्या शतकातील बगदादमध्ये. अल-किंदी या तत्त्वज्ञाने गुप्तलेखन उलगडण्यावर एक ग्रंथ लिहिला; तो इस्तंबूलच्या हस्तलिखितसंग्रहातून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रकाशात आला. त्यातील मुख्य सूत्र साधे आहे. ज्या भाषेत मजकूर असावा असे वाटते त्या भाषेतला एखादा उघड मजकूर घ्यावा आणि त्यात कोणते अक्षर किती वेळा येते ते मोजावे. मग गुप्त मजकुरातील चिन्हांचीही तशीच मोजदाद करावी. जे चिन्ह सर्वांत अधिक वेळा येते ते बहुधा त्या भाषेतले सर्वांत वापरातले अक्षर असणार.

साहित्याच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबावे. हे शास्त्र अशा काळात आणि अशा शहरात जन्मले, जिथे धर्मग्रंथातील शब्दांची आणि अक्षरांची गणना करणारे, अमुक शब्द जुना की नवा हे ठरवणारे, परक्या भाषांतून ग्रंथ अनुवादित करणारे लोक शेजारी-शेजारी काम करत होते. आपण जिला पाठचिकित्सा म्हणतो तिच्याच घरात कूटभेदनाचा जन्म झाला, असे म्हटले तर फारसे चूक होणार नाही.

हे मराठीत कसे घडेल, याची कल्पना करून पाहू. आपल्या भाषेत 'त', 'र', 'न', 'ल', 'य' ही व्यंजने पावलोपावली भेटतात. 'ढ', 'झ', 'ठ' क्वचित दिसतात. 'ङ' आणि 'ञ' जवळजवळ दिसतच नाहीत. अक्षरांची वेषभूषा बदलली तरी त्यांच्या येण्याजाण्याचे वळण बदलत नाही. त्यातही मजकूर लीळाचरित्रासारखा असेल तर शोधकाचे काम आणखी हलके होते. लीळांचे गद्य संवादांचे आहे. प्रसंगागणिक कोणी काही विचारते आणि सर्वज्ञ उत्तर देतात. त्यामुळे 'सर्वज्ञ', 'म्हणीतलें', 'भट', 'बाइसें' हे शब्द सतत परततात. व्यंजने बदलून काना-मात्रा आणि अनुस्वार तसेच ठेवले असतील, तर 'म्हणीतलें'चा सांगाडा कोणत्याही वेषात ओळखू यावा. एक शब्द सापडला की त्यातील चार अक्षरे कळतात, त्या चारांनी शेजारचे दोन शब्द अर्धे वाचता येतात, आणि उरलेले अर्धे भाषेच्या अंगवळणी पडलेला माणूस आपोआप भरतो.

आंधळी मोजणी आणि हा शोध यांत मूलभूत फरक आहे. आंधळ्या मोजणीत प्रत्येक शक्यता एकतर पूर्ण बरोबर असते किंवा पूर्ण चूक. चुकीची शक्यता पुढच्या पावलाबद्दल काहीच सांगत नाही. भाषेच्या वाटेने जाणाऱ्याला मात्र अर्धे बरोबर असणेही कळते. धुक्यात टेकडी चढणाऱ्याला शिखर दिसत नाही, पण पायाखालची जमीन चढती आहे एवढे समजते आणि तेवढ्यावर तो वर पोचतो. अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात हीच गोष्ट संख्येत मांडली. इंग्रजीच्या २६ अक्षरांच्या मांडण्या २७ अंकी संख्येइतक्या होतात, तरीही अक्षरबदलाच्या गुप्त मजकुराची सुमारे ३० अक्षरे हाती आली, की त्यातून अर्थपूर्ण वाचन बहुधा एकच निघते. कारण भाषा जे सांगते त्याहून अधिक अक्षरे वापरते. आपली पुनरुक्ती, आपले प्रत्यय, आपल्या सवयी ती सोडू शकत नाही. मराठीसाठी हा आकडा वेगळा येईल, पण तत्त्व तेच राहील. एखाद-दुसऱ्या ओवीइतका मजकूर स्वतःला उघडा करायला पुरेसा असतो.

ही गोष्ट न समजल्याची किंमत किती मोठी असू शकते, याचे प्रसिद्ध उदाहरण स्कॉटलंडची राणी मेरी हिचे आहे. इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीच्या कैदेत असताना १५८६ साली मेरीचा अँथनी बॅबिंग्टन या तरुणाशी पत्रव्यवहार चालू होता. बिअरच्या पिंपाच्या बुचात दडवलेली पत्रे आत-बाहेर जात. लिपीत अक्षरांसाठी चिन्हे होती, नेहमीच्या काही शब्दांसाठी स्वतंत्र चिन्हे होती, वाचणाऱ्याला फसवण्यासाठी काही निरर्थक चिन्हेही होती. मेरीला ही तटबंदी पुरेशी वाटली, आणि म्हणूनच एलिझाबेथच्या वधाच्या कटाविषयी ती मोकळेपणाने लिहीत गेली. पत्रे पोचवणारा माणूस मात्र एलिझाबेथचा मंत्री वॉल्सिंगहॅम याचा हस्तक होता, आणि प्रत्येक पत्र थॉमस फेलिप्स या भाषाकोविदाच्या टेबलावरून जात होते. मेरीच्या निर्णायक पत्राची उकल करून झाल्यावर फेलिप्सने आपल्या प्रतीवर फासाचे चिन्ह काढले, असे सांगतात. एवढ्यावर तो थांबला नाही. कटातील सहा जणांची नावे विचारणारा मजकूर त्याने त्याच लिपीत पत्राच्या शेवटी जोडला. लिपी केवळ वाचता येत होती असे नाही. ती लिहिताही येत होती. ८ फेब्रुवारी १५८७ रोजी मेरीचा शिरच्छेद झाला. साध्या भाषेत लिहायचे असते तर ती जपून लिहिती; गुप्त लिपीने तिला निर्धास्त केले.

मेरीच्या कथेला अलीकडे जोडला गेलेला एक भाग आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात काही सांकेतिक पत्रे होती. ती सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातील आणि इटलीसंबंधी असल्याची नोंद सूचीत होती. २०२३ साली तीन संशोधकांनी जाहीर केले, की ही पत्रे मेरीची आहेत. १५७८ ते १५८४ या काळात तिने बहुतांशी लंडनमधील फ्रेंच राजदूताला लिहिलेली, एकूण ५७. संगणकाने येथे मदत केली ती वर सांगितलेल्या टेकडीच्या रीतीने : चिन्हांची थोडी अदलाबदल करायची, निघणारा मजकूर भाषेच्या अधिक जवळ गेला का ते पाहायचे, गेला असल्यास पुढे जायचे. मजकूर इटालियन नसून फ्रेंच आहे हे लक्षात आल्यावर वाट सापडली. ही पत्रे चार शतकांहून अधिक काळ न वाचता पडून राहिली, यात लिपीच्या अवघडपणाचा वाटा होता हे खरे. पण चुकीच्या नोंदीखाली पडलेली पत्रे वाचण्यासारखी आहेत असे फारसे कोणाला वाटले नाही, हा वाटा काही कमी नव्हता.

विसाव्या शतकात अक्षरबदलाचे काम यंत्राकडे गेले आणि शक्यतांच्या संख्या फुगल्या. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन लष्कराच्या 'एनिग्मा' यंत्राच्या नेहमीच्या रचनेत प्रारंभीच्या मांडण्यांची संख्या २१ अंकी होती. तेथेही नुसत्या मोजणीने काम भागले नाही. पोलंडच्या मारियन रेयेव्स्की यांनी १९३२ साली यंत्राच्या रचनेची उकल गणिताने केली. पुढे ब्लेचली पार्कमध्ये यंत्रांनी मांडण्या तपासल्या खऱ्या, पण त्याआधी संदेशात अमुक ठिकाणी अमुक शब्द असणार, हा अंदाज माणसांनी बांधलेला असे. हवामानाच्या रोजच्या वार्तेत 'हवामान' हा शब्द येणार आणि लष्करी पत्रात ठरावीक मायना असणार, यावर सारी भिस्त होती. कार्यालयीन भाषेच्या साचेबंदपणाने युद्धाच्या इतिहासात एवढे मोठे काम क्वचितच केले असेल.

आंधळ्या मोजणीचा निखळ विजय पाहायचा तर १९९८ सालाकडे यावे लागते. अमेरिकी सरकारने १९७७ साली प्रमाण म्हणून स्वीकारलेल्या 'डीईएस' या संगणकीय कूटपद्धतीची किल्ली ५६ बिटांची होती. म्हणजे ७२ वर १५ शून्ये मांडावीत, साधारण तेवढ्या किल्ल्या शक्य होत्या. या पद्धतीत भाषेचे वळण झाकले जात होते आणि अर्धी बरोबर किल्ली काहीच सांगत नव्हती. इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशन या संस्थेने अडीच लाख डॉलरांच्या आत एक यंत्र बांधले, ते सेकंदाला सुमारे ९ हजार कोटी किल्ल्या तपासत असे, आणि ५६ तासांत त्याला हवी ती किल्ली सापडली. मोजणी जिंकू शकते, हे सिद्ध झाले. पण त्यावरचा उतारा तितकाच सोपा होता. किल्लीत एक बिट वाढवला की शक्यता दुप्पट होतात. आज रूढ असलेल्या १२८ बिटांच्या किल्लीपुढे असे यंत्र पुन्हा निरुपयोगी ठरते.

या विजयी यंत्रातली एक बारीकशी सोय आम्हाला मोठी अर्थपूर्ण वाटते. किल्ली लावून पाहिल्यावर ती बरोबर आहे हे यंत्राला कसे कळणार? त्यासाठी त्याच्या प्रत्येक चिपमध्ये एक चाळणी बसवलेली होती : बाहेर पडलेली चिन्हे माणसाच्या मजकुरात येतात तशी अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे आहेत का? तसे असेल तरच ती किल्ली पुढील तपासणीसाठी ठेवायची. म्हणजे कोट्यवधी शक्यता चाळणाऱ्या यंत्रालाही शेवटी एका वाचकाची गरज पडली, भले तो अगदी प्राथमिक इयत्तेतला असो. मोजणी शक्यता पुढे ठेवते. 'हेच ते' असे म्हणण्यासाठी ओळख लागते. बोर्हेसची 'बाबेलचे ग्रंथालय' ही १९४१ सालची कथा आमच्या वाचकांना ठाऊक असेल. अक्षरांच्या सर्व शक्य मांडण्यांची पुस्तके तिथे आहेत, म्हणून प्रत्येक सत्य तिथे आहे, आणि नेमके म्हणूनच कोणतेही सत्य तिथे सापडत नाही. ओळखीवाचूनची मोजणी अशा ग्रंथालयातच नेऊन सोडते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आज आपण सर्वजण पासवर्डच्या रूपाने गुपिते सांभाळतो आणि आठ-दहा चिन्हांच्या अगणित मांडण्यांवर भरवसा ठेवतो. परंतु माणूस त्या मांडण्यांतून चिठ्ठी टाकून निवड करत नाही. २००९ साली 'रॉकयू' या अमेरिकी कंपनीकडील सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीला जाऊन उघड झाले, तेव्हा त्यातील सर्वाधिक वापरला गेलेला पासवर्ड '१२३४५६' हा होता. सुमारे २ लाख ९० हजार खात्यांना तोच होता. शक्यता अगणित असल्या तरी माणसे देवाचे नाव, मुलाचे नाव आणि जन्मसाल यांच्याच आसपास फिरतात. गुपित फोडणारा म्हणून शक्यता मोजत नाही. तो माणसाची सवय ओळखतो. बँकेच्या कार्डाचा चार अंकी क्रमांक तर अवघ्या दहा हजार शक्यतांचा असतो. तो सुरक्षित राहतो तो संख्येच्या बळावर नव्हे. दोन-तीन चुकांनंतर यंत्र कार्ड अडवते, म्हणून.

आता सकळ लिपीकडे परत येता येईल, कारण आपल्या विद्यार्थिनीचा दुसरा प्रश्न अजून बाकी आहे. नागरी अक्षरांच्या जागी दुसरी अक्षरे किंवा वेगळी चिन्हे योजणारी ही लिपी, अल-किंदीच्या कसोटीने पाहिले, तर दुबळी होती. तिची रचना रवळोबासांच्या नावावर आहे आणि काळ चौदाव्या शतकाचा. तोपर्यंत यादवांचे राज्य जाऊन देवगिरीवर दिल्लीची सत्ता आली होती. म्हाइंभटांच्या लीळाचरित्राची मूळ प्रत धामधुमीत नष्ट झाली आणि ग्रंथ स्मरणातून पुन्हा सिद्ध करावा लागला, अशी पंथाची परंपरा सांगते. ज्यांनी आपल्या गुरूंचे शब्द एकदा गमावून परत मिळवले, त्यांना ते अनधिकारी हातांपासून जपावेसे वाटले, यात नवल नाही. पंथ पुढे पंजाबात आणि त्याही पलीकडे काबूलपर्यंत पोचला, आणि या मराठी पोथ्या त्याच्याबरोबर गेल्या. दूरच्या मठांत, मराठी न बोलणाऱ्या मुलखात, शिष्यांनी त्या लिपीत नकलून ठेवल्या.

दुबळे कुलूप इतकी शतके टिकले, याची आमच्या मते दोन कारणे आहेत. पहिले कारण निष्ठा. लिपीची किल्ली शेकडो जणांना ठाऊक होती आणि पिढ्यान्‌पिढ्या तिचा बभ्रा झाला नाही. मेरीला एक फितूर निरोप्या पुरला. येथे तसा निरोप्या फार काळ निपजला नाही. दुसरे कारण मात्र आपल्याकडे बोट दाखवणारे आहे, आणि ते म्हणजे उपेक्षा. कुलूप फोडायचा प्रयत्न तरी कोणी केला होता? पंथाविषयी बाहेर प्रवाद पसरले. 'मानभाव' हे त्याचे लोकांतील नाव, आणि 'मानभावी' म्हणजे ढोंगी, हा अर्थ त्यालाच चिकटलेला आपण आजही बेधडक वापरतो. ज्यांना आपण ढोंगी ठरवले त्यांच्या पोथीत वाचण्यासारखे काही असेल, अशी जिज्ञासा कोठून यावी? गुप्ततेने संशय वाढवला, संशयाने उपेक्षा वाढवली, आणि उपेक्षेने गुप्तता आयतीच सांभाळली गेली.

कुलूप उघडले ते कसे, हेही या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी सकळ लिपीचा उलगडा झाला आणि त्याचे श्रेय इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना दिले जाते. याच राजवाड्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरीची एक जुनी प्रत संपादून प्रसिद्ध केली होती आणि तिच्या भाषेचे व्याकरण लिहिले होते. तेराव्या शतकातील मराठीचे प्रत्यय ज्याच्या कानात आहेत, अशा माणसासमोर ती पोथी आली. त्याच सुमारास पंथातील काही जाणत्या मंडळींनीही आपले ग्रंथ बाहेरच्या अभ्यासकांपुढे विश्वासाने ठेवले. वि. ल. भावे यांनी आपल्या वाङ्मयेतिहासात या वाङ्मयाला जागा दिली, य. खु. देशपांडे यांनी १९२५ साली त्याच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, ह. ना. नेने आणि पुढे वि. भि. कोलते यांनी लीळाचरित्र संपादून छापले. मराठी गद्याचा आरंभ बखरींपासून मोजणाऱ्या अभ्यासकांना, त्यांच्या कितीतरी आधीचे, थेट तेराव्या शतकातील बोलते गद्य अशा रीतीने गवसले. भाषेची ओळख आणि माणसांचा विश्वास, या दोन्हींशिवाय ते गवसले नसते; आणि यांपैकी एकाही गोष्टीत मोजणीचा वाटा नाही.

त्या विद्यार्थिनीला आम्ही आता असे सांगू : एकेक शक्यता तपासत बसणाऱ्याला साडेपाचशे वर्षे अपुरीच पडली असती. जुनी मराठी जाणणाऱ्या आणि त्या पोथीत काही मोलाचे असेल असे मानणाऱ्या वाचकाला काही आठवडे पुरले असते. तो वाचक यायला शतके लागली. आजही महाराष्ट्रातील मठांत आणि ग्रंथालयांत न वाचलेल्या पोथ्या आहेत. त्यांतील बहुसंख्य कोणत्याही गुप्त लिपीत नाहीत, साध्या बाळबोधीत किंवा मोडीत आहेत. त्यांच्यावर कुलूप नाही, तरी त्या बंद आहेत. एम. ए.च्या वर्गातून दरवर्षी दोघे-तिघे जरी मोडी शिकून बाहेर पडले, तरी हा हिशेब थोडा बदलेल.